भिंतीवरचं सर्टिफिकेट

ठाण्याच्या मावसभावाने परवा घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. अ‍ॅपवर मावशीच्या बीपीच्या गोळ्या 20 टक्के स्वस्त. खाली ओळ, 'मेडिकलवाले लुटतात, जागे व्हा.' त्यावर अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा माझ्या सख्ख्या काकांचा. त्यांची दादाकडची उधारी आंब्याचे पैसे आले की फिटते, आणि आंबा दर वर्षी येतोच असं नाही.

मी इथे इंग्लंडात, लेस्टरला फार्मसिस्ट. दादा हर्णैजवळ आमचं मेडिकल चालवतो. तेव्हा मला राग येणार हे ठरलेलंच.

अरे, हिशोब तरी करा! किंमत नियंत्रणातल्या औषधावर दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के. त्यातच लाईटबिल, फ्रिज, पगार. मग 20 टक्के सोडणारा ते कुठून आणतो, हे कुणी विचारत नाही. इथला माणूस चिठ्ठीवरच्या एका औषधाचे 9.90 पौंड मुकाट मोजतो. (साठीनंतर फुकट मिळतं, आणि सरकार आम्हाला कधीकधी खरेदीपेक्षाही कमी देतं, म्हणून इथलीही दुकानं बंद पडतायत. पण तो विषय वेगळा.)

गणपतीत चाकरमानी गोळ्या घरी विसरून येतात. 'ती छोटी, पांढरी, बीपीची.' दादा नुसत्या वर्णनावर देत नाही, मुंबईच्या डॉक्टरला फोन लावतो. मागे आठ माणसं खोळंबतात आणि म्हणतात, फार नाटकं याची.

आणि 3 जून 2020, निसर्ग वादळ. कितीतरी दिवस लाईट नव्हते. चौथ्या दिवशी दादाचा फोन लागला. घराची अर्धी कौलं उडालेली, पण त्याचं पहिलं वाक्य, "इन्सुलिन मडक्यात ठेवलंय, वर ओलं गोणपाट. किती दिवस धरू?" मी किचनमध्ये उभा राहून सांगितलं, तीस अंशांच्या आत राहिलं तर साधारण चार आठवडे, आणि बर्फ मिळालाच तर त्याला थेट टेकवू नकोस, गोठलेलं फेकून द्यावं लागतं. सांगायला काय जातंय, माझा फ्रिज चालू होता.

हे सगळं टाईप करून झालं होतं. तेवढ्यात मावसभावाचा पुढचा मेसेज आला, 'आणि दुकानात फार्मसिस्ट कधी असतो रे?'

इथे काउंटरमागे माझं नाव आणि नोंदणी नंबर लावलेला असतो. दिवसात दोन तासांपेक्षा जास्त मला बाहेर राहता येत नाही. शिकाऊ पोरांना मी हे छाती फुगवून सांगतो. तिकडे, मी ओस्पॅपच्या (परदेशी फार्मसिस्टांना इथल्या नोंदणीसाठी करावा लागणारा कोर्स) वर्गात बसलेलो असताना, चौदा महिने माझं फार्मसिस्टचं सर्टिफिकेट दादाच्या भिंतीवर होतं. दादा बी.कॉम. कागदावर मी हर्णैला रोज हजर. पुढे डी.फार्म झालेली एक मुलगी ठेवली, तेव्हा कुठे ती फ्रेम उतरली. तिचा पगार देऊन काही महिने दादाच्या हातात काहीच उरत नाही.

मेमध्ये गेलो होतो. फ्रेमच्या जागी भिंतीवर अजून फिकट चौकोन आहे. काउंटरशी उभा होतो तर एक आजी कफ सिरप घेताना म्हणाल्या, "पाव्हणे कोण?"

"धाकटा भाऊ," दादा म्हणाला. "दुकान ह्याच्याच नावावर चालायचं."

मावसभावाला अजून उत्तर दिलेलं नाही.