‘थ्री मेन इन अ बोट’मधलं ते प्रेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जेरोम के. जेरोम यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या, थेम्स नदीवर होडीतून सहलीला निघालेल्या तीन मित्रांच्या इंग्रजी विनोदी पुस्तकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘विनोदाची चिरफाड हा मास्तरांचा रिकामा उद्योग. सोळाव्या प्रकरणातलं प्रेत म्हणजे नुसती भरती. तुम्हाला विद्वत्ता मिरवायची होती म्हणून त्यात अर्थ सापडला. पुस्तकाला कथानक नाही, पात्रं सपाट. लेखही लांबलाय.’

लेख लांबला, मान्य. निवेदकाच्या आजारपणावरचे दोन परिच्छेद एकात बसले असते.

पण ‘मिरवायची होती’ हे कशावरून ठरवलंत? आपली ओळखदेख नाही. मतभेद हजार असू देत, माणसाच्या हेतूवर जायचं काय कारण? आणि ‘मास्तर’ ही शिवी कधीपासून झाली? मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं. वर्गातल्या बहुतेकांनी इंग्रजी विनोदी पुस्तक हातात धरलेलं नसायचं. याच पुस्तकातले पॉजर काका भिंतीवर तसबीर टांगतात तो उतारा मी वाचला की मुलं हसायची. मग आम्ही फळ्यावर मांडायचो : काका कोणाला खिळ्यांना पिटाळतात, कोणाला हातोडीला, घरदार कसं कामाला जुंपतं, आणि शेवटी मध्यरात्री तसबीर वाकडीच कशी लागते. तोच उतारा पुन्हा वाचला की पोरं जास्त हसायची, कारण पुढचा घोटाळा कुठून येतोय ते त्यांना आधीच दिसायचं. चिरफाडीनं मेलेला विनोद मी वर्गात पाहिलेला नाही. तुम्ही कुठल्या वर्गात पाहिलात?

आता ते प्रेत. थेम्सकाठच्या गोरिंग गावाजवळ एका बाईचा देह पाण्यावर तरंगत येतो. टाकलेली बाई, पदरात मूल. दिवसाचे बारा तास राबून आठवड्याला बारा शिलिंग, त्यातले सहा मुलावर खर्च. एरवी प्रत्येक गोष्ट फुगवून सांगणारा निवेदक इथे हे आकडे जसेच्या तसे ठेवतो. लगेच पुढच्या प्रकरणात हीच मंडळी थेम्समध्ये कपडे धुतात, आणि कपड्यांचा मळ उतरण्याऐवजी नदीच तेवढी स्वच्छ होते! नदी तीच आहे. सुट्टीवर आलेल्यांना ती गंमत देते, त्या बाईला तिने शेवटचा आसरा दिला. ही दोन प्रकरणं लेखकाने शेजारी ठेवली आहेत, आणि त्याला तुम्ही भरती म्हणता. जेरोम स्वतः पोरवयात आईवडिलांना मुकलेले, रेल्वेत रुळांकडेचा सांडलेला कोळसा वेचायच्या कामावर लागलेले. बारा शिलिंगांत काय भागतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. 1889 साली पुस्तक आलं तेव्हा समीक्षकांनी त्यांना असंस्कृत ठरवलं होतं. तुमची भाषा वाचताना मला तेच आठवलं.

कथानकाबद्दल वाद घालत नाही. पावसाला कंटाळून तिघे पँगबोर्नला होडी सोडून लंडनची गाडी धरतात, तो शेवट पुन्हा वाचा. सपाट पात्रांबद्दल तर तुम्ही एकही उदाहरण दिलेलं नाही, मग उत्तर कशाला देऊ?

पुढचा लेख सतराव्या प्रकरणातल्या प्लास्टरच्या माशावर लिहितोय. जो येतो तो ‘हा मीच पकडला’ म्हणून वेगळंच वजन सांगतो, तो प्रसंग. त्यावर जरूर लिहा. पुस्तकाबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको.