शंभर मिलीचा वाद ट्रेपाशी घालू नका

विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अहो, पण आत थोडंसंच उरलंय!" बाटली दोनशे मिलीची असते, तळाशी बोटभर सनस्क्रीन. समोरचा कर्मचारी बाटली उलटी करून वरचा आकडा वाचतो, मान हलवतो आणि बाटली बाजूच्या डब्यात टाकतो. मग बूट घालता घालता चर्चा सुरू, "यांना साधी अक्कलही वापरता येत नाही."

मला हे पटत नाही. हँडबॅगेत द्रवाची बाटली शंभर मिलीपेक्षा मोठी नको, हा नियम अक्कल न वापरता झटकन निर्णय घेता यावा, म्हणूनच तर असा केलाय. आत किती उरलंय याचा अंदाज बांधत बसायचं ठरलं, तर प्रत्येक बाटलीपाशी एक भांडण होईल. बाटलीवर छापलेल्या आकड्याशी मात्र कोणालाच हुज्जत घालता येत नाही. त्यामुळे मोजलं जातं ते भांडं, त्यातला माल नाही.

हे आलं कुठून, तेही सांगते, कारण 'उगाच छळतात' असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनमध्ये एक कट उघडकीला आला. शीतपेयांच्या बाटल्यांमधून हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं द्रव स्फोटक नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमानं पाडायची, असा बेत होता. त्या दिवशी ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांत हँडबॅगसुद्धा नेऊ दिली नाही. पासपोर्ट, पाकीट आणि अगदी गरजेच्या वस्तू पारदर्शक पिशवीत. बाळाचं दूध न्यायचं तर पालकांनी ते आधी समोर चाखून दाखवायचं. संपूर्ण बंदी फार दिवस चालणं शक्यच नव्हतं. त्याच सप्टेंबरात अमेरिकेने आणि नोव्हेंबरात युरोपीय संघाने आजचा नियम आणला: एक भांडं जास्तीत जास्त १०० मिली, आणि सगळी भांडी साधारण एक लिटरच्या, बंद होणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत.

त्याच्याही आधी, डिसेंबर १९९४ मध्ये, फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानात सीटखाली बॉम्ब फुटून एक प्रवासी ठार झाला होता. त्यातलं द्रव स्फोटक विमानात आणलं होतं कॉन्टॅक्ट लेन्सच्या सोल्यूशनच्या बाटलीतून. म्हणजे आपल्या टॉयलेटरीच्या पाऊचवर संशय घ्यायला कारण आहे.

खरी अडचण आहे यंत्राची. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे मशिनवर बॅगेचं चित्र सपाट दिसतं, सगळ्या वस्तू एकमेकींवर चढलेल्या. धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. पाणी, शॅम्पू, फेसवॉश आणि नको ते द्रव, सगळं नारिंगीच! स्क्रीनसमोरच्या माणसाला एका बॅगेसाठी काही सेकंद मिळतात. हे काम डोळ्यांना इतकं थकवतं की युरोपच्या नियमांनुसार एकाने सलग साधारण २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ चित्रं बघू नयेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पाऊच भरताना आपल्या सोयीचा विचार थोडा कमी करा आणि त्या माणसाला काय दिसणार आहे याचा थोडा जास्त. बॅग उघडायला लागते ती बहुतेक वेळा चित्र कळत नाही म्हणून.

म्हणजे करायचं काय? द्रवांची पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवा, मागितली की एका हाताने निघाली पाहिजे. ती ठासून भरू नका. पिशवी सहज बंद होते का, हेही पाहतात. तिच्यावर चार्जर, हेअरड्रायर, पॉवरबँक यांचा ढिगारा नको. तारांच्या गुंत्याखाली नारिंगी डाग दिसला की बॅग बाजूला गेलीच म्हणून समजा.

आणि मुळात इतकी द्रवं हवीत कशाला? या पिशवीत शॅम्पू, परफ्यूमबरोबर टूथपेस्ट, जेल, क्रीम, लिपग्लॉस, मस्कारा, शेव्हिंग फोम, डिओ स्प्रे हे सगळं मोजलं जातं. जे ओतता, पिळता, फवारता किंवा चोपडता येतं, ते द्रवात धरलेलं बरं. साबणाची वडी, शॅम्पूची वडी, लिपस्टिक, घट्ट डिओ स्टिक यांना ही मर्यादा नाही. ओले वाइप्सही सहसा त्यात येत नाहीत. लोक मात्र छोट्या रिकाम्या बाटल्यांचा सेट आणतात, घरातला प्रत्येक पदार्थ त्यात थोडा थोडा भरतात, आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या बाथरूममध्ये कंडिशनर कुठला आणि बॉडी लोशन कुठलं, ते वासावरून ओळखत बसतात. मला हे सेट म्हणजे शुद्ध फसवणूक वाटते. घ्यायचेच असतील तर निदान चिठ्ठ्या तरी चिकटवा.

टूथपेस्टचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे शहाणी माणसंही अडतात. दीडशे ग्रॅमची ट्यूब, शेपटीकडून घट्ट गुंडाळत आणलेली, आत फार तर चार दिवसांची पेस्ट. ती आत गेली नाही की जीव हळहळतो. पण आकडा दीडशेचा, विषय संपला. लहान ट्यूब घ्या, नाहीतर टूथपेस्टच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्या न्या.

पावडरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांत ३५० मिलीच्या वर पावडर असेल तर केबिनच्या सामानात तिची जास्त तपासणी होते, आणि शंका मिटली नाही तर ती नेऊ देत नाहीत. टाल्कमचा मोठा डबा चेक-इनमध्येच टाकलेला बरा.

दाढीच्या सामानात कार्ट्रिजचा किंवा वापरून फेकायचा रेझर सहसा चालतो, सुटी पाती चालत नाहीत. कात्रीची लांबी देशागणिक बदलते, तेव्हा तीही चेक-इनमध्ये.

आता ज्यावर लोक बोलायला कचरतात ते. सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन, पाळीत वापरायचा कप, मोठ्यांचे डायपर यांवर द्रवांची मर्यादा नाही. तरीही कितीतरी बायका पॅडचं पाकीट आधी कागदात, मग कॅरीबॅगेत, मग टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी दडवतात. स्क्रीनवर त्याचा एक घट्ट, न कळणारा गोळा दिसतो आणि जे टाळायचं होतं नेमकं तेच होतं, चारचौघांत बॅग उघडली जाते. सरळ वर ठेवा हो. त्या माणसाने दिवसभरात अशी शेकडो पाकिटं पाहिलेली असतात. आणि एखाद्या गोष्टीची तपासणी सगळ्यांसमोर नको असेल तर बाजूला, खासगीत करा म्हणून सांगता येतं. संकोच वाटतो म्हणून गप्प राहू नका.

औषधं आणि बाळाचं दूध यांना शंभर मिलीच्या नियमातून सूट असते, पण ती न विचारता मिळेल असं धरून चालू नका. ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा, आधीच सांगा, औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या.

गळतीबद्दल थोडं, कारण त्यासाठी विमान कंपनीला उगाच शिव्या पडतात. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा उतरतो. अर्ध्या भरलेल्या बाटलीतली हवा फुगते आणि समोर येईल ते बाहेर ढकलते. टिचकीच्या झाकणाची बाटली असेल तर चिकट ओघळ ठरलेला. झाकण लावायच्या आधी बाटली दाबून हवा काढा, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वरून झाकण फिरवा. एवढं पुरतं.

"चेक-इनमध्ये काहीही चालतं" हाही एक भ्रमच. परफ्यूम, हेअरस्प्रे, डिओ यांसारख्या वस्तूंना तिथेही मर्यादा आहे: एक नग अर्धा लिटर किंवा अर्धा किलो, सगळं मिळून माणशी दोन लिटर किंवा दोन किलो. स्प्रेच्या नळीवर टोपण हवं. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक मात्र उलट, त्या केबिनमध्येच. ट्रिमर चेक-इनमध्ये टाकलात तर तो पूर्ण बंद आहे ना, तेवढं बघा.

नव्या सीटी स्कॅनरमुळे हे सगळं लवकरच संपणार, असं गेली काही वर्षं ऐकतोय. यंत्र खरंच चांगलं आहे. चित्र त्रिमितीत दिसतं, फिरवून बघता येतं, पिशवी बाहेर काढावी लागत नाही. लंडन सिटी विमानतळाने २०२३ मध्ये शंभर मिलीची अट काढली आणि जून २०२४ मध्ये ती परत लावावी लागली. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२४ पासून असे स्कॅनर असलेल्या विमानतळांवरही ती पुन्हा लागू केली. स्कॉटलंडमधल्या एडिनबरो विमानतळाने जुलै २०२५ मध्ये थेट दोन लिटरपर्यंत परवानगी दिली. म्हणजे जाताना चाललेली बाटली येताना अडू शकते, आणि मध्ये विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तर तिथेही. ड्यूटी-फ्रीमधल्या परफ्यूमचंही तेच. सीलबंद पिशवी पावतीसकट तशीच ठेवा, वाटेत 'जरा वास बघू' म्हणून फोडलीत तर पुढच्या विमानतळावर ती साधी मोठी बाटली ठरते.

कर्मचाऱ्यावर माझा राग नाही, तो आहे तिकीट विकणाऱ्यांवर. आवडीची सीट घ्या, वजन वाढवून घ्या, विमा काढा, असे मेसेज प्रवासाच्या दिवसापर्यंत येत राहतात. तुमच्या मार्गावरच्या तिन्ही विमानतळांवर बाटली शंभर मिलीची चालेल की दोन लिटरची, ही एक ओळ त्याच मेसेजमध्ये टाकायला यांना नेमकी काय अडचण आहे?