नायट्रसचं काम तीन तासांचं नाही

गाडीवेड्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा आशय असा: नायट्रसचं किट (नायट्रस ऑक्साइड हा वायू इंजिनात सोडून ताकद वाढवणारी जोडणी) बसवणं म्हणजे तीन तासांचं काम. नायट्रस पेटतो आणि ताकद येते. डिक्कीत बाटली, कुठेही, कशीही ठेवा; इंजिनपर्यंत नळी; स्टिअरिंगवर बटण, हवं तेव्हा दाबा. 75 एचपीपर्यंतची जास्तीची ताकद कुठलंही स्पोर्ट्स कारचं इंजिन निमूट सहन करतं, आतलं काही बदलायला नको. पेट्रोलचं किट बघून घेतं. बाटली गार पडली तर हीट गन मारा. आणि इंजिन फुटलंच, तर गॅस जास्त झाला असं समजा.

एक गोष्ट मान्य. बाटली बसवून नळ्या ओढायला तीन तास पुरतात. पण ते कामाचं सोपं टोक आहे.

मुळात नायट्रस पेटतो म्हणून ताकद येते, हेच चूक. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, तो जळायला मदत करतो. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने त्याचा रेणू तुटतो आणि हा ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय द्रवरूप नायट्रस उणे 88 अंशांना उकळतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, फवारला की आत येणारी हवा गार होते, दाट होते. म्हणजे आपण इंजिनाला जास्तीचा ऑक्सिजन देतो, बस. ताकद येते त्याच्या जोडीने जाळलेल्या जास्तीच्या पेट्रोलमधून. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की त्या मजकुरातले बाकीचे मुद्दे आपोआप डळमळायला लागतात.

'पेट्रोलचं किट बघून घेतं', हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. नायट्रस साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो. प्रत्यक्षात सुरक्षिततेसाठी त्याहून बरंच जास्त पेट्रोल सोडतात. हे पेट्रोल येणार कुठून? वेट किटमध्ये नायट्रसबरोबर पेट्रोलही वेगळ्या जेटमधून (मोजून पाडलेल्या बारीक भोकातून) फवारलं जातं, ड्राय किटमध्ये ते गाडीच्याच इंजेक्टरांनी वाढवून द्यायचं असतं. दोन्हीकडे पेट्रोल ओढणारा पंप बहुतेक वेळा जुनाच, कंपनीने मूळ इंजिनाच्या भुकेचा हिशोब करून बसवलेला. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, गेजवर दाब ठणठणीत दिसतो, आणि माणूस खूश होऊन बाटली उघडतो. मी हे पाहिलंय. आयडलला काटा जागचा हलत नव्हता. पूर्ण थ्रॉटलवर, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर, नायट्रस सुरू झाला आणि काटा हळूहळू खाली सरकायला लागला. चालवणाऱ्याचं लक्ष अर्थातच रस्त्यावर. नंतर स्पार्क प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके होते, त्यातले काही उजेडात चमकत होते. ते चमकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम.

गॅस जास्त झाला नव्हता. जेट बरोबर होता. पेट्रोल कमी पडलं. म्हणून पेट्रोलचा दाब वाहत्या पेट्रोलवर, पूर्ण भारावर मोजायचा, आणि दाब पडताक्षणी नायट्रस बंद करणारा प्रेशर स्विच लावायचा. किटच्या एकूण किमतीत त्या स्विचची किंमत चिल्लर असते, तरी लोक नेमका तोच वगळतात.

आता 75 एचपी. आकडा छोटा वाटतो, आणि धडधाकट इंजिनावर तो खरंच जड नाही. पण 'काही बदलायला नको' हे चालणार नाही. नायट्रसने ज्वलन वेगाने होतं, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते. दर 50 एचपीमागे सुमारे 2 अंश टायमिंग मागे घ्यायचं, हा जुना ठोकताळा. तो सुरुवातीपुरता, पुढे प्लगवरच्या खुणा वाचून ठरवायचं. प्लग एक पायरी थंड जातीचे, गॅपही थोडी कमी. लांब टोकाचा गरम प्लग स्वतःच लालभडक होतो आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतो. पिस्टन ओतीव असतील आणि पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली गॅप कंपनीने घट्ट ठेवलेली असेल, तर उष्णतेने रिंगची टोकं फुगून एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठच उचकटून काढतात. टर्बोवाल्या गाडीत आधीच बूस्ट (टर्बो हवा कोंबतो तो दाब) वाढवलेला असेल, तर 75 एचपी कुठल्या पायावर रचताय ते आधी तपासा.

बटणाचं काय? 'हवं तेव्हा दाबा' म्हणणाऱ्याने एक साधं गणित केलेलं नाही. जेटमधून नायट्रस दर सेकंदाला जवळजवळ सारखाच येतो. इंजिन 4000 आरपीएमवर असताना तो जितक्या स्ट्रोकांत वाटला जातो, त्याच्या निम्म्याच स्ट्रोकांत 2000 वर कोंबला जातो. म्हणजे तेच बटण, तोच जेट, पण प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला दुप्पट मात्रा. पिस्टनला जोडलेले दांडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतात ते इथे. वरच्या टोकाला उलटी गंमत होते. रेव्ह लिमिटर (इंजिनाच्या वेगाची वरची मर्यादा) आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर बंद करतो, नायट्रस मात्र येतच राहतो. म्हणून विंडो स्विच हवा: साधारण 3000 च्या खाली सुरू होऊ न देणारा आणि लिमिटरच्या थोडं आधी तोडणारा. जोडीला थ्रॉटल पूर्ण उघडला तरच जोडणी करणारा स्विच. हे दोन्ही असतील तर स्टिअरिंगवर बटण हवंच कशाला, असं माझं मत. यंत्रणा सज्ज करणारा एक आर्मिंग स्विच पुरे.

आणि बटणातून सोलेनॉइडला, म्हणजे नायट्रसची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हला, थेट करंट देऊ नका. ती कॉइल बऱ्यापैकी अँपिअर खाते, मध्ये रिले आणि फ्यूज पाहिजेच. गाडी उभी असताना बाटलीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. सोलेनॉइडच्या सीटखाली कचऱ्याचा कण अडकला तर नायट्रस बंद इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये झिरपत राहतो, आणि पुढच्या वेळी किल्ली फिरवली की जो धडाका होतो त्यात प्लास्टिकचा मॅनिफोल्ड शाबूत राहत नाही.

पर्ज व्हॉल्व्हवर त्या मजकुरात दोन परिच्छेद आहेत. त्यातून उडणारा धुरासारखा फवारा दिसायला छान असतो. त्या व्हॉल्व्हचं काम नळीतला वायू बाहेर काढून जेटपर्यंत द्रव आणणं, एवढंच.

राहिली बाटली. 'कुठेही, कशीही ठेवा' हे बाटलीच्या आत काय आहे हे न बघता लिहिलंय. नेहमीच्या बाटलीत व्हॉल्व्हपासून मागच्या तळाशी जाणारी वाकडी नळी असते. गाडी पुढे झेपावली की द्रव मागे साचतो, म्हणून व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला आणि जरा उंच, लेबल वर. लेबल खाली ठेवून पट्टे आवळले, तर नळीचं तोंड द्रवाच्या बाहेर राहतं आणि वायू यायला लागतो. मग गाडी ढेकर दिल्यासारखी धक्के खात जाते आणि लोक जेट बदलत बसतात.

हीट गनचा सल्ला देणाऱ्याच्या हातात मी पाना देणार नाही. नायट्रसचा दाब तापमानावर चालतो. 20 अंशांना बाटलीत साधारण 50 बार असतात, 30 ला 60 च्या वर. बहुतेक जेट 900 ते 950 पीएसआयसाठी, म्हणजे 62 ते 65 बारसाठी मोजलेले असतात. 36.4 अंशांच्या पुढे आत द्रव असा उरतच नाही, आणि गच्च भरलेल्या बाटलीचा दाब झपाट्याने चढतो. पेट्रोलचा जेट मात्र तेवढाच, म्हणजे मिश्रणात पुन्हा पेट्रोल कमी, पुन्हा तेच चमकणारे ठिपके. हीट गन किंवा बर्नर एकाच जागी तापवतो, तिथलं अ‍ॅल्युमिनियम कमजोर होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. बाटली गरम करायची तर प्रेशर स्विचने आपोआप बंद होणाऱ्या हीटर पट्ट्यानेच, समोर गेज ठेवून.

दाब फारच वाढला तर व्हॉल्व्हमधली सुरक्षा चकती फुटते आणि सगळा नायट्रस बाहेर येतो. बाटली केबिनला जोडलेल्या जागेत असेल तर त्या चकतीपासून गाडीबाहेर जाणारी ब्लो-डाउन नळी लावा. नायट्रस हवेपेक्षा दीडपट जड आहे, तो खाली साचतो आणि बंद काचांच्या गाडीत श्वासाला ऑक्सिजन उरू देत नाही. नळी फुटल्यावर पहिल्यांदा काचा खाली करायच्या, व्हॉल्व्ह शोधायला उघड्या हाताने जायचं नाही. द्रव लागला तर कातडी जागच्या जागी गोठते.