सोडियम-पोटॅशियम एकाच गणात, म्हणून मिठाऐवजी काहीही खायचं?

"सोडियम आणि पोटॅशियम आवर्तसारणीत एकाच गणात, म्हणजे दोन्ही सारखेच. बीपी असेल तर साधं मीठ सोडा, पोटॅशियमचं हवं तेवढं खा." हा मेसेज माझ्या मावशीला तिघांनी पाठवला. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, म्हणून गप्प बसवत नाही.

गण म्हणजे सारणीतला उभा स्तंभ. गण 1 मधल्या मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो गेला की +1 प्रभाराचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, उरतो. साम्य आहे ते एवढंच. सोडियम आयनाची त्रिज्या 102 पिकोमीटर, पोटॅशियमची 138, आणि पेशी हा फरक अचूक ओळखतात: पोटॅशियम आत, सोडियम बाहेर. रक्तात पोटॅशियम लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) हवं, 6.5 च्या वर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. आता हिशेब करा. 5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये 67 मिलिमोल पोटॅशियम असतं. पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून असतं तेही जवळपास तेवढंच! निरोगी मूत्रपिंडं जादाचं बाहेर टाकतात, दुखावलेल्यांना ते जमत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्याच गोळ्या, आणि त्याही पोटॅशियम वाढवतात.

याच तर्काने 1949 साली अमेरिकेत माणसं दगावली आहेत. मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांसाठी तेव्हा लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. लिथियमही गण 1 मधलंच. जेवणातलं सोडियम कमी झालं की मूत्रपिंडं ते राखून ठेवू लागतात आणि त्याच्याबरोबर लिथियमही परत रक्तात ओढतात. हातांना कंप, तोल जाणं, मग मृत्यू. शेवटी तो माल बाजारातून काढावा लागला. गण एकच असणं हेच इथे घातक ठरलं.

"सारणी वजनाच्या क्रमाने लावली आहे, म्हणून खालचं मूलद्रव्य जास्त ताकदवान" हेही त्या मेसेजमध्ये आहे. टेल्युरियमचं अणुवस्तुमान 127.60, त्याच्या पुढच्या आयोडीनचं 126.90. क्रम अणुअंकाचा, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येचा असतो. 'ताकद' नावाचा गुणधर्म सारणीत कुठेच नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेल्या मिठाने बीपी उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये तशी शिफारसही केली, पण ती फक्त प्रौढांसाठी. मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि मुलं त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच गायब आहे. तेव्हा पाकिटावरचे घटक वाचा. पोटॅशियम क्लोराइड दिसलं आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा वरच्यापैकी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाकीट फोडू नका.