वकीलसाहेबांचा घरी शिवलेला कोट

रात्री साडेनऊला मेडिकलचे शटर खाली आले, की त्याच्या पायऱ्यांवर आमचा कट्टा भरतो. परभणीत यंदा जानेवारीतली थंडी जेमतेमच आहे, पण तेवढ्या थंडीचे निमित्त करून वकीलसाहेब परवा काळा कोट घालूनच आले. हा कोट त्यांनी स्वतः, आईच्या जुन्या पायमशीनवर, दिवाळीच्या सुट्टीत कापून संक्रांतीच्या आसपास पुरा केला होता, हे कळल्यावर मात्र नेहमीचे सगळे विषय मागे पडले.

पहिला हल्ला अर्थातच पैशांवरून झाला. ‘कामून एवढा उपद्व्याप?’ मेडिकलवाल्याने विचारले. ‘लग्नसराई सरली की अडीच हजारात तयार कोट मिळतो.’ वकीलसाहेबांनी हिशेब लपवला नाही. ५८ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर टेरीवूल (लोकर-पॉलिएस्टरचे मिश्र कापड), अस्तर, कॅनव्हास, खांद्यांचे पॅड, बटणे, दोरा आणि आधी कच्चा नमुना शिवून पाहण्यासाठी घेतलेले मांजरपाट मिळून ३,२०० रुपये लागले होते. शिवाय त्यांच्या अंदाजाने साठेक तास. म्हणजे बचतीचा मुद्दा निकालात निघाला, आणि मला वाटते तो निघाला ते बरेच झाले, कारण घरी कोट शिवणाऱ्याने बचतीची भाषा केली की समोरचा माणूस दुकानातल्या पाटीवरची किंमत दाखवतो आणि खरा विषय तिथेच बुडतो.

खरा विषय उघडला तो मास्तरांनी. मास्तरांनी चाळीस वर्षे कोट शिवले. आता डोळ्यांमुळे दुकान मुलाकडे आहे. ते आतापर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. उठले, वकीलसाहेबांसमोर गेले, आणि खालच्या बटणाच्या काजाखाली कोटाचे पुढचे कापड व आतली पट्टी दोन हातांच्या चिमटीत धरून हलकेच विरुद्ध बाजूंना ओढली. दोन कापडांच्या मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना बोटांना लागला असावा. ‘पेस्टिंग नाही,’ एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा पायरीवर बसले.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे, की कोटाला छाती येते ती वरच्या कापडामुळे नव्हे, तर आतल्या थरामुळे. जुन्या पद्धतीत हा थर म्हणजे केसाचा कॅनव्हास. लोकरीच्या किंवा सुती धाग्यांत घोड्याचे अथवा बकरीचे केस विणलेले ताठ पण लवचीक कापड, जे वरच्या कापडाला हाताच्या टाक्यांनी जोडतात. आजच्या बहुतेक कोटांत त्याच्याऐवजी पेस्टिंग असते, म्हणजे एका बाजूला सरसासारख्या चिकट पदार्थाचे बारीक ठिपके असलेले कापड. ते उष्णतेने व दाबाने वरच्या कापडाला चिकटून बसते. काम मिनिटांत होते. मात्र दाब नीट पडला नसेल, किंवा नंतर धुताना वा इस्त्री करताना तो चिकटा सुटला, तर छातीवर फोड उठतात आणि मग कोटाला कोणीही वाचवू शकत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. जाकीट तर जाकीट, तेवढे जमेल म्हणून मी एकदा पेस्टिंगवर इस्त्री शर्टासारखी पुढे-मागे फिरवली होती. वास्तविक ओले फडके घालून इस्त्री एका जागी दहा-पंधरा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची आणि कापड निवेपर्यंत हलवायचे नाही, असा तिचा नियम. माझे जाकीट पहिल्या धुण्यातच पुरीसारखे फुगले.

वकीलसाहेबांचे म्हणणे नेमके इथे होते. दुकानात कॅनव्हास हाताने बसवायचा म्हटले, तर कारागिराचे दोन-तीन दिवस जातात आणि तेवढी मजुरी मागितली की गिऱ्हाईक पायऱ्या उतरते. घरी मात्र तासांना कोणी भाव लावत नाही, म्हणून दुकानाला जे परवडत नाही ते घरीच करता येते. लॅपेलचे, म्हणजे कॉलरखाली छातीवर बाहेर दुमडणाऱ्या भागाचे, काम त्यांनी रोज रात्री अर्धा तास असे पंधरा दिवस केले. लॅपेल डाव्या हाताच्या तर्जनीवर दुमडून धरायची आणि त्या वळणातच कॅनव्हासमधून तिरपे टाके घालायचे, इतके अलगद की वरच्या कापडाचा एकच धागा सुईला लागावा आणि बाहेरून काही दिसू नये. अशा ओळींमागून ओळी घातल्या, की लॅपेल सोडून दिली तरी आपणहून बाहेरच्या बाजूला वळते. त्यांनी आमच्यासमोर ती उलटी वाकवून सोडली. ती परत आली.

मास्तरांनी हे नाकारले नाही. त्यांचा आक्षेप दुसरा होता, आणि मला तो अधिक वजनाचा वाटतो. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत शेरवान्या शिवत. मास्तर स्वतः शिवायला शिकले तेही उभ्या कॉलरवर. उभी कॉलर ताठ उभी राहिली की काम संपते, लॅपेल मात्र पडायला हवी आणि तरीही मेल्यासारखी पडता कामा नये, म्हणून नवख्याने सुरुवात बंद गळ्याच्या जाकिटापासून करावी, एकदम ब्लेझरला हात घालू नये, असे ते म्हणाले. ‘आणि बगा, कोट मशीनवर होत नाही, इस्त्रीवर होतो,’ ही त्यांची पुढची तक्रार. बाहीच्या वरच्या टोकाचा गोलवा मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या गोल कडेपेक्षा, इंच-सव्वा इंच मोठा कापलेला असतो. ते जादा कापड चुणी न पडता मुंढ्यात बसवायचे असते. निव्वळ लोकर असेल तर दोन धावदोरे ओढून वाफ दिली की जादा कापड आक्रसते आणि खांद्यावर गोलाई येते. टेरीवूलमध्ये पॉलिएस्टरचा भाग वाफेला फारसा दाद देत नाही, म्हणून तिथे जादा कापड कमीच ठेवावे लागते. वकीलसाहेबांनी पुस्तकी मापाने सव्वा इंच ठेवले होते आणि बाही तीनदा उसवली होती, हे त्यांनी इथे कबूल केले.

एवढ्यात समोरच्या घरात शिवणक्लास चालवणाऱ्या ताई मेडिकलमधून राहिलेले औषध न्यायला आल्या आणि दोन मिनिटांसाठी म्हणून अर्धा तास थांबल्या. त्यांचे म्हणणे असे, की या गावात शेकडो बायका घरच्या घरी अस्तराचा कटोरी ब्लाऊज शिवतात, त्यात पाव इंचाची चूक चालत नाही, मुंढ्यात बाही बसवण्याचे तर त्यांना रोजचे काम. मग कोट म्हणजे पुरुषांनी उगाच केलेला बाऊ नव्हे काय? मेडिकलवाल्याने टाळी वाजवली. मास्तरांनी मात्र शांतपणे फरक सांगितला: ब्लाऊज अंगाला धरून असतो, कोट दोन खांद्यांवरून लोंबतो, खांदा चुकला तर खालचे सगळे बिघडते आणि टक्स कितीही मारले तरी सुधारत नाही. ताईंना हे पटले, पण अर्धेच. त्यांच्या मते हा फरक शिकवता येण्याजोगा आहे आणि कोणी शिकवत नाही एवढेच. माझे मत ताईंच्या बाजूने पडते.

प्राध्यापकांनी मध्येच हवामान काढले. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात कोट हवाच कशाला? बार कौन्सिलच्या नियमांतही उन्हाळ्यात सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही. यावर वकीलसाहेब म्हणाले की पुढचा कोट बिनअस्तराचा, सुती कापडाचा शिवणार, कापड कापण्याआधी भिजवून. सगळ्यांना वाटले काम निम्मे झाले. ते उलट वाढते, कारण अस्तर म्हणजे आतल्या पसाऱ्यावर घातलेली चादर; ती काढली की प्रत्येक शिवणीची कड उघडी पडते आणि तिला उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीने बंदिस्त करावे लागते. बाहीत अस्तर तरीही ठेवावेच लागते, नाहीतर ती शर्टावरून सरकत नाही. प्राध्यापकांना स्वतःला संभाजीनगरच्या हिमरू या नक्षीदार कापडाचे जाकीट हवे आहे. तेही अस्तराशिवाय नको, असे मास्तरांनी बजावले, कारण हिमरूच्या नक्षीचे धागे मागच्या बाजूला मोकळे धावतात आणि शर्टाच्या बटणात, घड्याळात अडकून ओढले जातात.

साडेदहाच्या सुमारास मास्तरांनी वकीलसाहेबांना दिव्याखाली उभे केले आणि हात सैल सोडायला सांगितले. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला. तो वकीलसाहेबांनी मांजरपाटाच्या नमुन्यावरच हेरला होता आणि त्या बाजूचा पॅड जाड घेतला होता. तयार कोटात ही सोय कुठली, हे मेडिकलवाल्यालाही मान्य करावे लागले. पण डावी बाही हाताच्या मागे राहत होती, मनगटाला पुढून टेकत होती. मास्तरांनी खिशातून खडूची चपटी वडी काढली, जी दुकान सोडून चार वर्षे झाली तरी त्यांच्या खिशात असते, आणि खांद्याच्या शिवणीपासून पाव इंच मागे मुंढ्यावर एक आडवी रेघ ओढली. बाहीचे टोक इथे आणायचे, म्हणजे खालचा भाग पुढे येईल. वरची अर्धी शिवणच उसवा, काखेला हात लावू नका.

‘मास्तर, उद्या तारीख आहे माझी. खूण पुसून टाकू का?’

‘पुसा. मग परत काढून देणार नाही.’

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब खांद्यावरच्या पांढऱ्या रेघेसकट कोर्टात उभे राहिले.