मेथी निवडायला बसवा, व्याख्यान राहू द्या

डिसेंबर-जानेवारी आला की राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दत्तक गावांत बसतात. सात दिवस, पन्नासेक स्वयंसेवक, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर मंदिराच्या सभामंडपात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. त्या दुपारींपैकी एक बहुतेक ठिकाणी ‘युवक आणि व्यसनमुक्ती’ला जाते आणि एक ‘भाजीपाला प्रक्रिया उद्योगा’ला. दोन्ही दुपारी पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, तासभर बोलणं होतं, आभार होतात. सकाळी चर खोदून दमलेली मुलं भिंतीला टेकून पेंगतात.

कार्यक्रम अधिकारी मित्रमैत्रिणींनो, ही दोन्ही व्याख्यानं काढून टाका आणि दोन्ही विषय एकाच सतरंजीवर घ्या. तीन-चार दिवस, हातात विळी आणि पुढ्यात वाळवायच्या भाजीची परात घेऊन. हे गंमत म्हणून सुचवत नाही. दोन्ही विषयांची गरजच तशी आहे.

आधी व्यसनाचं. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविरोधी कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली आहेत, पहिली आवृत्ती २०१३ची, दुसरी २०१८ची. त्यात साफ सांगितलंय की नुसती माहिती देणं, भीती घालणं आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला मंचावर उभं करून त्याची कहाणी ऐकवणं यांनी मुलं व्यसनापासून लांब राहतात असं दिसत नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमधून ‘डेअर’ कार्यक्रम सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन शिकवायचे. देशभर पसरला, आणि पुढे झालेल्या तपासण्यांत त्याचा टिकणारा परिणाम सापडला नाही. आपण मात्र अजून सडलेल्या फुप्फुसांची चित्रं पडद्यावर दाखवतो. मुलांना ती चित्रं सिगारेटच्या पाकिटावर रोज दिसतात. त्याहून वाईट म्हणजे नशेच्या पदार्थांची नावं, रूपं, किमती सांगणारं व्याख्यान. ज्याला माहीत नव्हतं त्यालाही त्या तासाने माहीत करून दिलं.

उपयोग होतो तो लहान गटात, बोलतं करून, नकार देण्याचा प्रत्यक्ष सराव घेतला तर, आणि तोही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. घरातल्यांना मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, किती वाजता येणार हे माहीत असणं हाही मोठा आधार. आइसलंडने हेच मनावर घेतलं. पालकांनी आपसांत करार केले, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर बंधन आलं, खेळ-संगीताच्या वर्गांना पैसे दिले. १५-१६ वर्षांच्या मुलांत गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होतं, २०१६ साली ५ टक्के राहिलं. तो देश छोटा, थंड आणि पैसेवाला आहे. जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. पण एक गोष्ट इथेही लागू आहे: मोकळ्या वेळात मुलं मोठ्यांच्या सोबतीने काहीतरी करत बसलेली असावीत.

आता वाळवण. ते सात दिवसांच्या शिबिरात अगदी नेमकं बसतं. मेथीला सावलीत दोन-तीन दिवस, कांद्याला दोन ते तीन, टोमॅटोला तीन-चार. दुसऱ्या दिवशी कापलं की समारोपाच्या आत बरणीत. थंडीत ऊन मऊ असलं तरी घाटावरची हवा कोरडी असते आणि नेमकी तेव्हाच मेथी-टोमॅटो मातीमोल असतात. (कोकणातल्या शिबिरांनी एखादा दिवस जास्त धरावा, तिथली हवा दमट.) शिवाय पाच किलो पाला निवडायला दहाजणांचं कोंडाळं घटकाभर बसतं, नजर परातीत असते, आणि नजर परातीत असली की पोरं मोकळी बोलतात. समोरासमोर खुर्च्या मांडून ‘बोला’ म्हटलं की तीच पोरं मुकी होतात.

पन्नासजणांचे पाच गट करा. दोन गटांना मेथी, एकाला कांदा, एकाला टोमॅटो, एकाला गवार. गावातल्या दोन-तीन आज्यांना आणि बचत गटाच्या ताईंना प्रत्येक गटात बसवा. ‘मावशी, तुम्ही कसं करता?’ हे मुलांनीच विचारू द्या.

वजनाचा हिशेब पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडा, कारण इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. टोमॅटोत १०० भागांत ९४ भाग पाणी. म्हणजे १० किलोत घन भाग ६०० ग्रॅम. १० टक्के ओल ठेवून वाळवलं तरी हाती ६५०-७०० ग्रॅम. मेथीच्या १० किलो जुड्यांतून देठं-मुळं काढून पाच किलो पाला मिळाला, तर वाळून होतो पाऊण किलोच्या आसपास. हा आकडा कळल्याशिवाय ‘उद्योग सुरू करा’ असं मुलांना सांगणं ही फसवणूक आहे.

मेथी आधी धुवा, मग निवडा, फडक्यावर तासभर निथळू द्या आणि सावलीतच वाळवा. थेट उन्हात हिरवा रंग आणि त्यातलं कॅरोटीन दोन्ही उडतं. बरेच जण पाला उकळत्या पाण्यातून काढायला सांगतात. रंग टिकतो हे खरं, पण मेथीचा वास त्या पाण्याबरोबर जातो. पाच-सहा महिन्यांत संपणार असेल तर मी उकळणार नाही. गवारीला मात्र उकळी लागतेच. कोवळ्या शेंगा, मिठाचं उकळतं पाणी, तीन-चार मिनिटं, लगेच गार पाण्यात. असं न करता वाळवली तर शेंगेतली विकरं (एन्झाइम) काम करत राहतात आणि महिन्याभरात वाळलेल्या गवताचा वास येतो.

कांदा ४-५ मिलिमीटर जाडीचा, सगळे काप सारखे. निम्मे जाड, निम्मे पातळ झाले की पातळ करपतात आणि जाड आतून ओले राहतात, आणि त्या ओल्यांपासूनच पूर्ण बरणीला बुरशी धरते. गुजरातेत महुव्याचे कांदा वाळवणारे कारखाने पांढरा कांदा घेतात, कारण त्यात घन भाग जास्त. आपल्या लाल कांद्याला उतारा कमी, पण शिकायला तो चालतो.

टोमॅटोसाठी एकच ताकीद: जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नका. आंबटपणा जस्ताला लागतो. स्टीलची जाळी, बांबूची तट्टी किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिक जाळी घ्या.

वाळवणीची पेटी मुलांनीच करावी. सहा फूट बाय तीन फूट लाकडी चौकट, वर पॉलिहाउसला वापरतात तो २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, खालून हवा आत यायला फट, वरच्या टोकाला बाहेर जायला त्याहून थोडी मोठी फट, दोन्हींवर माशा अडवायला मच्छरदाणी. तोंड दक्षिणेला, उतार तीसेक अंशांचा. एवढ्या पेटीत टोमॅटो सात-आठ किलो, त्याहून जास्त नाही. काप एकमेकांवर चढले की वाळत नाहीत, आंबतात. आत एक थर्मामीटर लटकवा. ५५ ते ६० अंश बरोबर. ६५च्या वर गेलं की वरची फट वाढवा. सुरुवातीलाच फार तापवलं तर कापावर कडक कवच धरतं, आतलं पाणी कोंडतं. हाताला खुटखुटीत लागतं आणि आठ दिवसांनी बरणीत घाम सुटतो. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसले तर हवा खेळत नाहीये. ते थेंब परत कापांवर पडायच्या आत फट मोठी करा. मेथीची पेटी असेल तर कागदावर काळं कापड टाका. आणि संध्याकाळी पाचला, दव पडायच्या आत, सगळं आत. रात्रभर बाहेर राहिलेलं वाळवण सादळतं आणि आदल्या दिवसाचं ऊन फुकट जातं. ही पाच वाजताची पाळी एका गटाला नेमून द्या. विसरली तर दुसऱ्या दिवशी त्यांनाच हातात घेऊन बघू द्या.

आता त्या सतरंजीवर बोलायचं काय?

पहिल्या दिवशी, कुणी कुणाशी बोलायच्या आधी, सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि एकाच रंगाची पेनं द्या. नाव नाही. दोन प्रश्न: गेल्या महिन्यात तू तंबाखू, मावा, सिगारेट, दारू यातलं काही घेतलंस का? आणि तुझ्या वयाच्या शंभरजणांतले किती जण घेत असतील असं तुला वाटतं? घड्या घालून डब्यात. अंदाज खऱ्यापेक्षा बहुतेक वेळा बराच जास्त निघतो. ‘सगळेच घेतात’ हा समज मुलाला पहिल्या पुडीपर्यंत नेतो आणि तो त्यांच्याच आकड्यांनी मोडतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू कोणत्याही रूपात घेणारे प्रौढ २६.६ टक्के होते, म्हणजे शंभरातले सत्तरहून अधिक घेत नव्हते. हे असं, न घेणाऱ्यांच्या बाजूने सांगा. पण डब्यातला खरा आकडाच मोठा निघाला तर तो जाहीर करू नका. उलटा परिणाम होईल. तो आकडा तुम्हाला कळावा म्हणून आहे, पुढचे दिवस त्यावरून आखा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नकाराचा सराव, तिघांतिघांत. एक देतो, एक नाही म्हणतो, एक बघतो. देणाऱ्याने गावातलीच भाषा वापरावी: ‘घे रे, एकानं काय होतंय’, ‘पैसे मी देतो’, ‘लय शाना झालास का’. नाही म्हणणाऱ्याने कारण द्यायचं नाही हा नियम. ‘घसा दुखतोय’ म्हटलं की ‘मग उद्या घे’ येतंच. ‘नको, मी घेत नाही’ एवढंच, त्याच आवाजात तीनदा, मग विषय बदलायचा किंवा जागा सोडायची. पहिल्या फेरीत मुलं हसतात, चालू द्या. तिसऱ्या फेरीत आवाज ठाम होतो. बघणाऱ्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं: ‘नको म्हणतोय ना तो, सोड’ हे त्याने मध्ये पडून म्हणायचं. टोळक्यात एकाने जरी असं म्हटलं तरी दुसऱ्याला सुटायला वाट मिळते.

आज्या बसलेल्याच असतात, तेव्हा मिश्रीचा विषयही निघू द्या. ‘जा रे बाळा, तंबाखूची पुडी आण’ हे वाक्य घराघरांत आहे. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणं २००३च्या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९० मीटरमध्ये, विकायलाही बंदी आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंतचं अंतर मुलांनी टेपने मोजावं आणि आकडा ग्रामसभेत द्यावा. माझ्या मते हे श्रमदानच आहे.

एका गोष्टीवर शिक्षकांनी वेगळं बसावं. २०१९च्या राष्ट्रीय अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के आलं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकमेव नशा. पंक्चरचं सोल्युशन, थिनर. रुमालाला किंवा बाहीला रसायनाचा वास, तोंडाभोवती पुरळ, दप्तरात बारक्या पिशव्या ही खूण. असा मुलगा दिसला तर ओरडत धावून जाऊ नका. त्या अवस्थेत दचकल्याने, पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो, पहिल्या वेळीसुद्धा. मोकळ्या हवेत शांत बसवा, एकटा सोडू नका, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर कुशीवर निजवून १०८ ला फोन करा.

आणि मेथी निवडताना एखादा हळूच बोलून गेला की ‘मी घेतो’, तर गटात त्यावर चर्चा नको. संध्याकाळी पेटीतल्या जाळ्या उचलायला त्याला सोबत घ्या, तिथे ऐका. १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर त्याच्यासमोर लावा. अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४-अ, स्वतःहून उपचारांना जाणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेल्या मुलाला हे माहीत नसतं.

सहाव्या दिवशी माल तपासा. मेथी चुरली पाहिजे, कांदा काडकन मोडला पाहिजे, टोमॅटो वाकवला तर चामड्यासारखा लागावा आणि दाबून बोटाला ओल येऊ नये. गरम असताना भरू नका, पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर बरणीच्या आत पाणी सुटतं. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण घट्ट, चिठ्ठीवर पदार्थ, तारीख आणि गट क्रमांक. बरण्या कॉलेजात न्या. आठ-दहा दिवस रोज एकदा हलवायच्या म्हणजे राहिलेली ओल सगळीकडे सारखी होते; काचेला थेंब दिसला तर माल परत पेटीत. दहाव्या दिवशी बरणी उघडायला तेच दहाजण पुन्हा बोलवा, सतरंजी अंथरा आणि नकाराच्या दोन फेऱ्या परत घ्या. नंतर दर महिन्याला एकदा बरणी आणि एकदा फेरी. सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास असतातच, त्यातले दहा यात टाका.