वनाच्छादन वाढलं म्हणून जंगल सांभाळलं गेलं, असं होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: "उपग्रहाच्या अहवालात जंगल वाढलं, म्हणजे व्यवस्थापन शाश्वत आहे. मोजणीत गावाचं काम नाही. गावाच्या हाती दिलं की जंगल संपतं." गडचिरोली-चंद्रपुरात हे वाचून माना डोलवल्या जातात, याचं वाईट वाटतं.

जंगल वाढलं म्हणजे काय? भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान १ हेक्टर जागेवर झाडांचं छत्र १० टक्के असलं की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कोणतं, हे पाहिलं जात नाही. त्यामुळे वरुड-मोर्शीची दाट संत्राबाग आणि भामरागडचं मिश्र रान एकाच बेरजेत बसतं. मिश्र रान तोडून साग लावला, तर काही वर्षांत आकडा पुन्हा भरून येतो. अहवाल खोटा नाही; शाश्वततेचा दाखला द्यायला तो काढलेलाच नसतो.

मोजणीत गावाचं काम नाही, हे तर मुळीच पटत नाही. उपग्रहाला मोहाचा डेरा दिसतो, बुडाशी रोप आहे का ते दिसत नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कित्येक ठिकाणी झाडाखालचा पाला जाळतात. त्यात रोपं जातात, जी उरतात ती गुरं खातात. वरून रान हिरवंगार, पण मोहाची पुढची पिढीच नाही. बांबूचंही तसंच. रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, यंदाचे वासते (कोवळे कोंब) किती फुटले, तोडताना जुने बांबू किती राखले, हे रांजीजवळ उभं राहूनच कळतं. आणि हे काही माझं खूळ नाही. १९९८ साली सुरू झालेल्या भोपाळ-भारत प्रक्रियेनं शाश्वत वनव्यवस्थापनासाठी ८ निकष ठरवले. वनक्षेत्राची वाढ हा त्यातला फक्त एक. जैवविविधता, माती-पाणी, वनोपज, लोकांचा सहभाग हे बाकीच्यांत येतात.

राहिला गावाचा मुद्दा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूरच्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच सोडलं, कारण त्यासाठी छाटणी होते, आगी लागतात. हातात येणारा पैसा रानासाठी सोडणारं हे गाव आहे. सगळी गावं अशी नाहीत, मान्य. पण "गाव म्हणजे नासाडी" हे या दोन गावांसमोर टिकत नाही.

माझी मागणी साधी आहे. दरवर्षी ठरलेल्या पट्ट्यांत मोहाची, चारोळीची, तेंदूची रोपं ग्रामसभेनं मोजावीत आणि ते आकडे वनविभागानं आपल्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामाच्या आराखड्यात, घ्यावेत.